एका पायातलं पैंजण

आक्का ऑफिसात आल्या हे बघावं लागायचं नाही, ऐकू यायचं. छुम... मग काहीच नाही... छुम... मग काहीच नाही. पैंजण एकाच पायात, डाव्या. पहिल्या दिवशी मला वाटलं दुसरं हरवलं असेल. विचारावं की नाही यातच माझा अर्धा दिवस गेला. शेवटी चहाच्या वेळी धीर करून विचारलं, "आक्का, दुसरं पैंजण?"

"ते कामावर गेलंय," त्या म्हणाल्या आणि बशीत चहा ओतायला लागल्या.

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, पण ते पुढं सांगते.

शिरोलीतल्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कॉलेजच्या ऑन-जॉब ट्रेनिंगसाठी गेले होते. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं ऑफिस म्हणजे काय असतं, तिथं कुणाला काय म्हणायचं, सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसायचं की नाही, हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. आईनं एवढंच सांगितलं होतं, "कुनी काय दिलं तर नगं म्हणू नगंस, आन् लगेच घेऊ बी नगंस." हा सल्ला घेऊन मी ऑफिसच्या दारात उभी राहिले आणि तिथंच राहिले.

आतून साठीच्या घरातल्या, काठपदराच्या साडीवर पुरुषी फुलशर्ट घातलेल्या एक बाई आल्या. त्यांनी पिशवीतून स्टीलची टेप काढली, माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरली, मग खांद्यांवर आडवी लावली.

"पाच फूट एक इंच. खांदे चौदा. तुला कुठल्याच रस्त्याला परवानगी लागत न्हाय, पोरी." टेप सर्रकन आत गेली. "मग दारात का अडलीयास?"

आजही एखाद्या मुलाखतीला जाताना मी दारात थबकते, आणि खांद्यावर त्या टेपचा गार स्पर्श जाणवतो. मग आत जाते.

आक्का सगळंच मोजायच्या. नवीन टेबल, कलिंगड, पाहुण्यांच्या चपला. मालकांचे जावई चांगल्या अंगाचे होते. ट्रेलरच्या बाहेर आलेल्या मालाला जसं लाल फडकं बांधतात, तसं एकदा आक्कांनी त्यांच्या पोटाकडं बघून शिपायाला सांगितलं, "पावण्यांना पुढनं लाल फडकं बांध रं, कुणीतरी येऊन धडकंल." जावईबापू एवढे हसले की शर्टाचं एक बटण गेलं. आक्कांनी तेही मोजलं.

त्या ऑफिसातून साधा माल जात नव्हता. साध्या ट्रकमध्ये मावत नाही, पुलांना आणि तारांना घासतो, अख्खा रस्ता अडवतो असा माल जायचा. कारखान्यांचे बॉयलर, प्रेसच्या फ्रेमा, दहा माणसांनी कवेत घ्यावीत अशी फाउंड्रीची ओतकामं. असा माल रस्त्यावर आणण्याआधी त्याचे कागद करावे लागतात. लांबी, रुंदी, उंची, वजन, कुठला ट्रेलर, किती चाकं, कुठला रस्ता, वाटेत काय काय. त्या कागदावर परवानगी मिळते. मग माल कागदापेक्षा मोठा निघाला तर ट्रेलर आहे तिथं उभा.

"माल कधी अडत न्हाय," आक्का म्हणायच्या. "अडतो त्यो कागद."

कंपन्या ड्रॉइंग पाठवायच्या. आक्का ते भिंतीवर टांगायच्या, पण त्यावरून एक आकडाही घ्यायच्या नाहीत. "ड्रॉइंग म्हंजे लग्नाआधीचा फोटो. प्रत्यक्ष घरात आल्यावर बघायचं, कसं हाय ते." वजनाबद्दल तर त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. "वजन इचारलं की समदी कमीच सांगत्यात. माणूस काय, बॉयलर काय."

फॉर्ममध्ये शेवटी 'विशेष सूचना' असा एक रकाना असायचा. बाकीचे लोक तिथं 'निरंक' लिहितात. आक्का लिहायच्या: 'सदर माल डावीकडे जड आहे, वळणावर रुसतो. घाई करू नये.' एका प्रेसच्या फ्रेमबद्दल त्यांनी लिहिलं होतं: 'दिसायला राकट, पण कोपरे नाजूक आहेत.' मी घाबरून म्हटलं, "आक्का, सरकारी कागद आहे." त्या म्हणाल्या, "मग? सरकारला बी माणसंच वाचून दाखवत्यात की." आणि खरंच, परवानगीच्या ऑफिसातला एक क्लार्क अधूनमधून फोन करायचा, काम नसताना. "आक्का, ह्या आठवड्यात काय न्हाय का पाठवलं?"

रस्त्याची माहिती मिळवायची त्यांची पद्धत तर कुठल्याच पुस्तकात नसेल. त्यांच्या वहीत गावांची नावं होती आणि प्रत्येक गावापुढं एक नातं. 'मावसनणंद.' 'भाचीची सासू.' 'मैत्रीण, म्हशीवाली.' माल निघायच्या आधी त्या फोन घेऊन बसायच्या. "काय गं, तुमच्या गावात रस्त्यावर मांडव पडलाय का? कवा काढणार? बरं, नवरी कुठली? काय शिकलीया?" अर्ध्या तासानं मला एक ओळ सांगायच्या, "लिही, सोमवारपतोर रस्ता बंद." सीमेकडच्या गावांत फोन लागला की त्या कानडीत शिरायच्या, आणि मला फक्त 'अक्का' आणि 'मांडव' एवढंच कळायचं. सॅटेलाइटच्या नकाशावर मांडव दिसत नाहीत. आक्कांना दिसायचे, मेन्यूसकट.

आता दुसरं पैंजण.

ते एका वाळक्या बांबूच्या शेंड्याला बांधलेलं होतं. आक्का हुपरीच्या. माहेरी घरातच चांदीकाम, त्यामुळं पैंजण जाड, जुन्या घडणीचं, घुंगरू भरपूर. माल ट्रेलरवर चढला की त्याची जमिनीपासून उंची मोजायची. तो बांबू छोट्या टेम्पोच्या मागच्या हौद्यात असा उभा करायचा की शेंडा रस्त्यापासून बरोबर त्या उंचीवर येईल, अधिक चार बोटं. "चार बोटं रस्त्याच्या मानाची," आक्का म्हणायच्या. मग सगळा रस्ता आधी एकदा फिरून यायचं. खड्ड्यात पैंजण छुन्न करायचं, त्याकडं लक्ष द्यायचं नाही. पण शेंडा तारेला, फांदीला, कमानीला लागला की खळखळाट व्हायचा. "वाजलं की थांबायचं," हा नियम. मालाच्या दिवशीही टेम्पो बांबू घेऊन पुढं, ट्रेलर मागं. आमच्या सगळ्या ड्रायव्हरांना तो खळखळाट ओळखीचा होता.

बांबू धरायचं काम माझ्याकडं आलं. मला ते फार मोठं वाटलं. चैत्रात आम्ही वारणेकडच्या एका कारखान्याचा रस्ता बघायला निघालो. पुढं टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आक्का, मागं मी, हातात पैंजण बांधलेला उंच बांबू. मला सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या निघतात, म्हणजे देवाच्या मानाच्या, सजवलेल्या उंच बांबूच्या काठ्या. पहिल्याच गावात एका म्हाताऱ्यानं बांबू बघून पागोटं काढलं आणि "चांगभलं!" म्हणून हात जोडले. दुसऱ्या गावात पोरांनी गुलाल उधळला. तिसऱ्या गावात कुणीतरी हलगी आणली. मी "ओ, नाही हो, उंची मोजतोय," असं म्हणत होते, पण माझा आवाज मुळातच असा की शेजारच्याला 'काय?' म्हणावं लागतं. हलगीपुढं तो काय टिकणार!

आणि चौथं गाव कोडोली. म्हणजे आमचं. डेअरीपुढं दुधाचं कॅन घेऊन आमचे आप्पा उभे. त्यांनी कॅन खाली ठेवलं, डोळे मिटले, बांबूला मनापासून नमस्कार केला. डोळे उघडले तर काठीच्या बुडाशी गुलालानं माखलेली त्यांची मुलगी.

"तू?" आप्पा म्हणाले. "तुला काठी कुणी दिली धरायला?"

"आप्पा, ही काठी नाही, हा बांबू—"

"आमच्या चार पिढ्यांत कुणाला मिळाली न्हाय गं!" त्यांचे डोळे भरून आले होते.

मी आक्कांकडं बघितलं. त्या टेम्पोतून उतरल्या, आप्पांच्या कपाळाला गुलाल लावला. "पावणं, पोरगी सरळ धरती. हलत न्हाय." परत निघाल्यावर मी रडकुंडीला आले. म्हटलं, आक्का, हे खोटं झालं. त्या म्हणाल्या, "त्यांचा नमस्कार जोतिबाला गेला. आपला बांबू वाटंत हुता, एवढंच. वाटंत असणं हा काय गुन्हा हाय व्हय?" आप्पांना मी रात्री सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "पण सरळ धरतीस, हे खरं न्हवं?"

एवढं सगळं माझ्याकडून करून घ्यायच्या, पण एक गोष्ट नाही. मोजमाप पत्रकाच्या तळाला एक चौकट असायची: 'मोजले कोणी'. तिथं सही आक्कांचीच. मी शिडी चढायचे, मी टेप धरायचे, आकडे मी लिहायचे, आणि सहीला पत्रक त्यांच्याकडं सरकवायचे. शिवाय माल पोचला की त्या कारखान्याच्या गेटवर पत्रक बघून क्लार्क मोठ्यानं विचारायचा, "मोजलं कोणी?" मोजणाऱ्यानं तिथं हजर असायचं आणि हो म्हणायचं, ही आक्कांनीच पाडलेली पद्धत. "म्या मोजलं!" त्या अशा ओरडायच्या की गेटच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. मला एकदा तरी त्या चौकटीत माझं नाव हवं होतं. ट्रेनिंगच्या मार्कांसाठी नाही, त्याला मालकांचं पत्र पुरे होतं. आमच्या घरात सह्या झाल्या त्या सगळ्या दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदांखाली. स्वतः मोजून, स्वतः लिहून, खाली आपलं नाव, असा कागद आमच्या घरात नव्हता. पण मागायचं कसं? मी पेनाचं टोपण काढून, लावून, काढून ठेवायचे. आक्का म्हणायच्या, "पेन मोडंल."

शेवटी एका कामाला त्यांनी स्वतःच सांगितलं. "ए कॉलेज, हे तू एकटीनं कर. बरोबर निघालं तर सही तुझी."

माल होता साखर कारखान्याच्या रस आटवायच्या भांड्याचा वरचा भाग. म्हणजे लोखंडाचा एक प्रचंड घुमट. दक्षिणेकडं सीमेजवळच्या कारखान्यात जायचा होता. मी दोनदा शिडी चढले. ट्रेलरसकट उंची पाच मीटर दहा. रस्ता फिरून आलो. वाटेत एका गावात नवी सिमेंटची कमान होती, तिची मोकळी उंची पाच मीटर तीस. वीतभर जागा राहत होती. परवानगी आली. आता एकच गोष्ट उरली होती. आक्कांचा नियम: निघायच्या दिवशी पूजा झाली की पुन्हा मोजायचं. "पूजेनंतरचा माल येगळा असतो," त्या म्हणायच्या.

त्या सकाळी वर्कशॉपमध्ये ही गर्दी. एवढं मोठं काम तिथल्या लोकांनी पहिल्यांदाच केलं होतं. घुमटावर हारांचा ढीग, उदबत्त्या, पेढे, सेल्फी. शिडीभोवती वीस-पंचवीस पुरुष. मला तिथं जाऊन "जरा बाजूला व्हा" म्हणता आलं नाही. खरं कारण एवढंच आहे. मला वाटलं, दोनदा मोजलंय, लोखंड काय वाढणार? मी पत्रकावर लिहिलं, 'पूजेनंतर पुन्हा मोजले. उंची तेवढीच.' आणि पेढा खाल्ला. तो पेढा गोड लागला नाही, हे मी नंतर रचून सांगत नाहीये, तेव्हाच लागला नव्हता.

आम्ही निघालो. पुढं टेम्पो, मी बांबू धरून, मागं तीस पावलांवर ट्रेलर. ऊन उजवीकडून आलेलं. कमानीचं गाव जवळ आलं. डाव्या हाताला ऊस तुटून गेलेलं मोकळं रान होतं आणि त्यात आमच्या सावल्या पळत होत्या. आक्कांची एक सवय होती, त्या वर बघायच्याच नाहीत. "मान कशाला मोडायची? सावली आडवी पडती, बसल्या जागी मोजावी." म्हणून मलाही सावल्या बघायची सवय लागली होती. बांबूची सावली घुमटापेक्षा चार बोटं लांब पाहिजे.

घुमटाची सावली लांब होती. हातभर. आणि तिला टोक होतं.

मी मागं वळून बघितलं. वाऱ्यानं हार उडून गेले होते आणि घुमटाच्या डोक्यावर कळस चमकत होता.

समोर कमान. आमचा बांबू तिच्याखालून आरामात जाणार होता, पैंजण वाजणारच नव्हतं. मी ओरडले, "थांबा!" ट्रेलरच्या केबिनात गाणी चालू होती. पुन्हा ओरडले. ड्रायव्हरमामांनी मला हात हलवून दाखवला, हसले. मग मी दोन्ही हातांनी बांबू धरला आणि जीव खाऊन हलवला. पैंजण असं खळखळलं की रस्त्याकडेच्या म्हशी दावणीला झटके द्यायला लागल्या. ट्रेलरचे ब्रेक फुसकारले. घुमट कमानीच्या अलीकडं पंधरा पावलांवर थांबला.

आक्का उतरल्या. वर बघितलं, पहिल्यांदाच. मग माझ्याकडं.

"पूजेनंतर मोजलंवतंस न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "लिहिलं, पण मोजलं नाही. माणसं होती शिडीपाशी."

मला वाटलं आता पुरता पाणउतारा होणार. आक्कांनी नाक पुसलं. "मी बी तिथंच हुतो. मला बी फुलं दिसली." कोल्हापूरच्या बायका 'मी होतो' म्हणतात, तशाच त्याही. "मिस्त्रीला बोलवा," त्या म्हणाल्या.

वर्कशॉपचे मिस्त्री तासाभरात मोटारसायकलवर ग्राइंडर घेऊन आले. तोवर सगळा गाव जमला होता. उरलेल्या स्टीलच्या तुकड्यांतून मिस्त्रींनी तीन दिवस कळस घडवला होता आणि पूजेच्या पहाटे वेल्ड करून टाकला होता.

"घुमटाला कळस न्हाय? बोडका पाठवायचा?" ते म्हणाले.

"पण वेल्ड कशाला केलासा? बांधायचा की!"

"वेल्डर माणूस मी, आक्का. बांधतोय कशाला?"

आता कापा म्हटलं तर मिस्त्री कापेनात. पूजा झालेल्या कळसाला ग्राइंडर लावायचा नाही. गावातले लोकही त्यांच्या बाजूनं. एक आजोबा म्हणाले, कमान फोडा, पण कळस नको. सरपंच म्हणाले, कमान माझ्या वडलांच्या नावाची हाय. मागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि सगळे हॉर्न वाजवू लागले.

आक्कांनी पत्रक उंच धरलं. "समद्यांनी ऐका! ह्या कागदात कळस लिव्हलाय का? न्हाय. म्हंजे कळस माल न्हाय. मग कळस कोण? प्रवासी! फुकटात वर बसलाय. आता मला सांगा मिस्त्री, घाटात बस चढंना झाली की प्रवाशांनी खाली उतरायचं का न्हाय?"

मिस्त्री विचारात पडले. "उतरायचं," ते म्हणाले.

"मग उतरवा की पाहुण्यांना. कमानीखालनं मानानं चालत जाऊ द्या."

गाव खूश झाला. ग्राइंडर चालला, ठिणग्या उडाल्या, बायकांनी कळसावर तांदूळ टाकले. कळस टॉवेलात घेऊन मिस्त्री डोक्यावर धरून कमानीखालून चालत गेले. पुढं हलगी, मागं सरपंच, त्यामागं घुमट.

पण कळस उतरल्यावर, ही मिरवणूक निघायच्या आधी एक झालं. आक्कांनी शिडी लावायला सांगितली आणि माझ्या हातात टेप दिली. "मोज." खाली अख्खं गाव, ट्रॉल्यांचे ड्रायव्हर, माना वर केलेली पोरं. मी चढले. "आकडा सांग!" मी सांगितला. "ऐकू आला न्हाय!" पुन्हा सांगितला. "ट्रॉलीवाल्यांना पायजे!" तिसऱ्यांदा मी ओरडले, "पाच मीटर दहाऽऽ!" आणि ट्रॉल्यांच्या रांगेतून कुणीतरी उत्तर दिलं, "बराबर हाय, जाऊ द्या आता!"

खाली आल्यावर आक्कांनी पत्रक पुढं केलं. "खोटी ओळ काट. खाली खरी लिही. आन् सही कर."

"आक्का, मी चुकले ना?"

"म्हणून तर. तुझी चूक मी माझ्या नावावर कशाला घेऊ? आन् आत्ताचं खरं मोजलंस, ते तरी कशाला घेऊ?"

मी टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. आप्पांची सही दिसते तशीच वाकडी आली.

कळस पुढं माझ्या मांडीवर बसून आला. कारखान्याच्या गेटवर क्लार्कनं पत्रक वाचलं, खोडलेली ओळ वाचली, घुमटाकडं बघितलं, मग माझ्या मांडीकडं.

"हे काय?"

"प्रवासी," आक्का म्हणाल्या.

त्यानं पुढं विचारलं नाही. मान मागं टाकून सवयीनं ओरडला, "मोजलं कोणीऽ?"

मी आक्कांकडं बघितलं. त्या खाली वाकून डाव्या पायातलं पैंजण न्याहाळत होत्या, जणू आजच पायात आलंय. वाकल्याच राहिल्या.

"मी!" मी ओरडले. "मी मोजलं!"

गेटच्या पत्र्यावर कबुतरांची ओळ बसली होती. त्यातलं एक उडालं, हवेत एक चक्कर मारली आणि परत येऊन बसलं.

आक्का सरळ झाल्या. "एक उडालं की गं," म्हणाल्या, आणि छुम... मग काहीच नाही... छुम... करत गेटातून आत गेल्या.